निर्दोष नायकांचा सुळसुळाट

खेळ हा विषय गंभीर लेखनास योग्य नाही असे मानणाऱ्या वाचकांनी हा लेख येथेच खाली ठेवावा. त्यांचा आमचा मतभेद पहिल्या वाक्यापासूनच आहे. मनुष्य कामाच्या वेळी जसा वागतो त्यात पुष्कळदा पोटाचा प्रश्न असतो. खेळात तो जे सोंग घेतो ते मात्र त्याने आपल्या खुशीने पत्करलेले असते. म्हणून एखाद्या पिढीची पारख करावयाची तर ती कोणती सोंगे हौसेने घेते आणि कोणती घेण्यास लाजते, हे पाहावे. प्रस्तुत लेखाचा विषय ही लाजच होय.

प्रसंग असा. आमच्या शहराचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे. पण बोलताना जुन्या सवयीने आम्ही नगर म्हणून जातो, त्याबद्दल क्षमा असावी. ह्या नगरातील आमच्या घराच्या पडवीत दर रविवारी दुपारी आमचा पुतण्या व त्याचे चार मित्र एक खेळ मांडून बसतात. पटाचा खेळ म्हणावा तर त्यात पट असलाच पाहिजे असे नाही. नाटक म्हणावे तर प्रेक्षक नाहीत. एकजण सूत्रधार होतो. गुहा, राक्षस, उजाड राजवाडे, शापित तलवारी ह्यांची सृष्टी तो तोंडी उभी करतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि 'मी अमुक करतो' असे सांगत त्या सृष्टीत वावरतात. जमले की फसले हे फासा ठरवितो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाने हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची आता असंख्य भावंडे झाली आहेत, आणि त्यांतले एक आमच्या पडवीपर्यंत येऊन पोचले आहे.

पात्र घडविण्याची रीत अशी की बल, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक व प्रभाव ह्या सहा गुणांसाठी फासे टाकावयाचे. चौघांपैकी एका मुलाच्या बुद्धीच्या घरात सहाचा आकडा पडला. अठरांपैकी सहा! 'पुन्हा टाक, पुन्हा टाक' म्हणून बाकीच्यांनी गलका केला. परंतु त्या मुलाने सहाचा आकडा मुकाट्याने कागदावर मांडला, आणि अंगाने धिप्पाड, तोंडाने बढाईखोर, पण अंधार दिसला की ज्याचे पाय लटपटतात असा एक शिपाई तयार केला. गुहेच्या तोंडाशी येताच ह्या वीराने 'पिछाडी सांभाळणे हेच खऱ्या शूराचे काम' असे गंभीर चेहऱ्याने जाहीर केले. त्या दुपारी आमच्या पडवीत जे हसू झाले ते ऐकून शेजारचे लोक गच्चीवर आले. परंतु पुढे वटवाघळांच्या फडफडाटाने घाबरून शिपायाच्या हातची मशाल पडली, राक्षस जागा झाला, आणि ठरलेली लूट हातची गेली. मग मित्र बिथरले. 'तू खेळाचा विचका केलास. असले खुळे पात्र पुन्हा आणू नकोस,' असा निवाडा झाला. पुढच्या रविवारी तो मुलगा एक निर्दोष धनुर्धर घेऊन आला. त्या दिवशी चार अजिंक्य वीरांनी तीन तासांत सात राक्षस मारले, आणि पडवीतून हसण्याचा आवाज एकदाही आला नाही.

त्या मुलावर अन्याय झाला असे आमचे मत आहे, आणि तो अन्याय पडवीपुरता नाही. सदोष व हास्यास्पद पात्र घेणे म्हणजे खेळाचा अपमान, हा जो समज रूढ होत चालला आहे तो खेळाच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि जिथे आम्ही राहतो त्या मुलखाच्या दृष्टीने तर कृतघ्नपणाचा आहे.

प्रथम खेळाचीच साक्ष घेऊ. १९७४च्या मूळ नियमांत तीन फासे टाकावयाचे आणि जो आकडा ज्या गुणाच्या वाट्यास येईल तो तेथेच ठेवावयाचा, अशी रीत होती. तीन फाशांची सरासरी साडेदहा. अठराचा आकडा पडण्याचा संभव २१६ वेळांत एकदा. म्हणजे खेळाच्या जन्मवेळचे पात्र हे बहुधा तुमच्याआमच्यासारखेच असे : एका गोष्टीत बरे, दुसरीत बेताचे, आणि एखादीत अगदीच लंगडे. १९७९ साली निघालेल्या सूत्रधाराच्या नियमग्रंथात चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून देण्याची सवलत आली. ज्यास गणित येते त्याने ताडून पाहावे : ह्या एका सवलतीने अठराचा आकडा पडण्याचा संभव बरोबर साडेतीन पट वाढला. पुढे आकडे ठरावीक भांडवलातून विकत घेण्याची पद्धत आली. तिच्या आजच्या नियमाप्रमाणे आठाच्या खाली कोणी उतरूच शकत नाही. अशा रीतीने अर्ध्या शतकात ह्या काल्पनिक जगातून मंदबुद्धी, धांदरट आणि भित्रे लोक हळूहळू हद्दपार झाले. दोषांची किंमत ओळखणारे खेळकर्ते त्याही देशात झाले, हे नमूद केले पाहिजे. १९८६ सालच्या 'गर्प्स' नावाच्या खेळात जो आपल्या पात्रास एखादा दोष लावून घेईल त्यास त्याबद्दल इतर गुणांसाठी जादा भांडवल मिळते. आणि मूळ खेळाच्याही २०१४च्या आवृत्तीत प्रत्येक पात्राने आपला एक दोष लिहून ठेवावा अशी योजना होती. पण ज्यास नायकच व्हावयाचे आहे तो दोषाच्या घरात 'फार प्रामाणिक आहे' असे लिहून मोकळा होतो. नोकरीच्या मुलाखतीत 'तुमचा दोष कोणता' ह्या प्रश्नास जे उत्तर देतात, त्याच जातीचे हे उत्तर!

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, दोष काय आमच्या अंगी थोडे आहेत? आठवडाभर आम्ही परीक्षेत नापास होतो, वरिष्ठांच्या शिव्या खातो, बस चुकवितो. रविवारी दोन तास तरी आम्हांस पराक्रमी होऊ द्या. ह्या आक्षेपात दुःख आहे, म्हणून तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु ज्यास पराभव ठाऊकच नाही अशाचा पराक्रम तो कसला? महाभारतातील विराटपर्व घ्या. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन कौरवांची सेना पिटाळून लावतो, ह्यात नवल नाही. तो अर्जुनच आहे. त्या पर्वाला गोडी आणली ती राजपुत्र उत्तराने. अंतःपुरात स्त्रियांपुढे तो बढाया मारतो, सारथी नाही म्हणून अडून बसतो, सारथी मिळाल्यावर सेना पाहून रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि अर्जुनास त्याच्यामागे धावावे लागते. उत्तर नसता तर त्या दिवशीचा अर्जुन हा केवळ एक अठराचा आकडा झाला असता. शिवाय उत्तर जन्मभर भित्राच राहिला नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्याच्याजवळ भय आहे त्यालाच धैर्य मिळविता येते. आमच्या पडवीतल्या शिपायालाही ती संधी मिळाली असती. मित्रांनी ती दिली नाही.

आमच्या पूर्वजांस हे चांगले माहीत होते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात रंगभूमीच्या रक्षणाची जी वाटणी आहे, तिच्यात नायकाचे रक्षण इंद्राकडे, नायिकेचे सरस्वतीकडे, आणि विदूषकाचे रक्षण ओंकाराकडे सोपविले आहे. इंद्र हा देवांचा राजा खरा, पण ओंकारापुढे त्याची पायरी कोणती हे सांगावयास नको. खादाड, झोपाळू, भलत्या वेळी भलते बोलणाऱ्या त्या गृहस्थास एवढा मोठा रक्षक का दिला, ह्याचा विचार विदूषकास हलका म्हणणाऱ्यांनी करावा.

परंतु इतके दूर जाण्याचेही कारण नाही. सूत्रधाराने प्रसंग सांगावा आणि पात्रांनी लिखित संहितेवाचून बोलत, एकमेकांस अडवीत व सावरीत गोष्ट पुढे न्यावी, हा प्रकार अमेरिकेतून प्रथमच येथे आला असे ज्यांस वाटते त्यांनी आमच्या जिल्ह्यातील एखाद्या यात्रेत रात्रभर बसून तमाशाचा वग पाहिलेला नसावा. गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. जुन्या फडांत वगाचा सांगाडा तेवढा ठरलेला असे; संवाद ज्याने त्याने आपल्या जिभेच्या बळावर उभे करावयाचे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे (१८७०–१९३९) गाव. पठ्ठे बापूरावांच्या फडाची कीर्ती त्यांच्यावाचून सांगताच येत नाही. त्याच संगमनेरास कांताबाई सातारकरांनी आपले बिऱ्हाड केले आणि २०२१ साली तेथेच देह ठेवला. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर ह्यांस महाराष्ट्र ओळखतो तो सोंगाड्या म्हणून. राजाची भूमिका करणारे किती आले व गेले. पण फडाचे नाव निघाले की लोक सोंगाड्याची आठवण काढतात, आणि सुपारी देण्यास आलेली गावची मंडळीही 'सोंगाड्या कोण आहे' हे विचारल्यावाचून राहत नाहीत.

सोंगाड्या काय करतो हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. राजा हुकूम सोडतो. सोंगाड्या त्या हुकमाचा शब्दशः अर्थ घेतो. राजा पुन्हा समजावून सांगतो. सोंगाड्या त्यावर अडाण्यासारखा पण बिनतोड प्रश्न विचारतो. तिसऱ्या खेपेस राजालाच आपल्या हुकमात अर्थ नव्हता हे कळू लागते, आणि प्रेक्षकांस तर ते केव्हाच कळलेले असते. ह्या साऱ्यात मार कोण खातो? सोंगाड्या. मूर्ख कोण ठरतो? सोंगाड्याच. स्वतःच्या अंगावर मूर्खपणा ओढून घेऊन तो दुसऱ्याच्या मूर्खपणास प्रकाशात आणतो. राजाचे काम करणाऱ्यास आपली दोन वाक्ये आठवली तरी पुरे; सोंगाड्यास सर्वांची वाक्ये ध्यानात ठेवावी लागतात, कोणाचा आवाज बसला आहे, कोण संवाद विसरला आहे, पुढची मंडळी कपडे करून तयार आहेत की नाहीत, हे सर्व पाहत बोलावे लागते. एवढे अवधान ज्यास आहे त्याने मूर्खाचे सोंग घेणे, ह्याला आम्ही कलेतील औदार्य म्हणतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी म्हण आहे. तिला पुस्ती जोडावयाची तर शहाणपणाचेही आणता येत नाही. मूर्खपणाचे सोंग मात्र शहाण्यालाच साधते.

सुशिक्षितांनी ही विद्या तमाशापुरतीच ठेवली असेही नाही. नगरच्याच कॉलेजात इंग्रजी शिकविणारे मधुकर तोरडमल ह्यांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' हे नाटक लिहिले आणि त्यात प्राध्यापक बारवे ही भूमिका स्वतः केली. बारव्यांना ऐनवेळी शब्दच सापडत नाही, आणि त्या जागी ते 'ह'ची बाराखडी वापरून वेळ मारून नेतात. ज्याचा व्यवसाय बोलण्याचा त्या प्राध्यापकानेच शब्द न सापडणाऱ्या प्राध्यापकाचे सोंग घ्यावे, ह्यातली गंमत विद्यार्थ्यांस सांगावी लागली नसेल. आणि ज्यांच्या संसाराची कितीतरी वर्षे नगर व राहुरी ह्या भागात गेली त्या लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ सालापासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त काय केले? आपल्या भाबड्या समजुती, आपले सोवळे, पतीचा तापटपणा व हातचे काही न राखणारा स्वभाव, हे सारे त्यांनी हसत हसत चव्हाट्यावर मांडले. त्यांनी स्वतःस निर्दोष नायिका केले असते तर ते पुस्तक आज कोणी वाचले असते?

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून बळकट आहे. विनोदी पात्राच्या नावाखाली काही मंडळी इतरांच्या खेळाचा खरोखरच सत्यानाश करतात. सूत्रधाराने आठवडाभर खपून एक गंभीर प्रसंग रचावा, आणि ह्यांनी राजाच्या प्रेतयात्रेत कोंबड्याचा आवाज काढावा. सोबत्यांच्या झोळीतले सोने चोरावे, आणि कोणी रागावले तर 'माझे पात्रच चोर आहे, मी काय करू' असे म्हणून खांदे उडवावे. असल्यांची वकिली आम्ही करीत नाही. हे सोंगाड्ये नव्हत. फडात असा मनुष्य एक रात्रही टिकला नसता. सोंगाड्याची खूण ही की त्याच्या दोषाचा पहिला भुर्दंड त्याला स्वतःला पडतो. आणि दुसरी खूण ही की तो बोलून गेल्यावर पुढच्यास बोलण्यास जागा झालेली असते. चोर पात्र घ्यावयाचे तर खुशाल घ्यावे. पण त्याने चोरलेली पेटी उघडताच तीत साप निघावा आणि सोडविण्यास सोबत्यांना बोलवावे लागावे, ह्यात रंग आहे. पात्र तुम्हीच रचले, मग त्याच्या नावावर आपला आडदांडपणा खपविणे ही शुद्ध लबाडी होय. आमच्या पडवीतील मुलाने ही लबाडी केली होती काय? त्याच्या शिपायाच्या हातची मशाल पडली तेव्हा अंधारात प्रथम तोच सापडला. लूट गेली हे खरे, पण लुटीचा हिशेब मांडावयास तो काही किराणा मालाचा व्यवहार नव्हता.

तिसरी गोष्ट आम्ही आमच्याच पक्षास सांगतो. दोष निराळा आणि व्यंग निराळे. भित्रेपणा, बढाई, लोभ, आळस, विसराळूपणा हे दोष. तोतरेपणा, कुबड, आंधळेपणा हे व्यंग. आणि एखाद्याची जात वा बोली ही तर दोषही नव्हे आणि व्यंगही नव्हे. जुन्या विनोदाने ह्यांची पुष्कळदा गल्लत केली. नाट्यशास्त्रातला विदूषक दात पुढे आलेला व पाठीस कुबड असलेला रंगविला आहे. गवळणीतल्या पेंद्यास लंगडा करून लोक पिढ्यान्‌पिढ्या हसले. तो भाग टाकून देण्यास आमची काडीचीही हरकत नाही. ह्या बाबतीत धडा घ्यावा तो एकनाथांपासून. गोदावरीच्या पलीकडच्या काठास पैठण, अलीकडे आमचा शेवगाव तालुका. नाथांची भारुडे ऐकण्यास आम्हांस परदेशी जावे लागत नाही. त्या भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, पांगळा येतो. पण त्याचे गाऱ्हाणे ऐकता ऐकता डोळे असून न पाहणारा, कान असून न ऐकणारा तो आपणच, हे श्रोत्याच्या ध्यानात येते. सोळाव्या शतकातील एका थोर पंडिताने समाजाने हिणविलेल्या एकेका माणसाचे सोंग आपल्या मुखाने घेतले, आणि हसण्याचा रोख श्रोत्याकडेच वळविला.

येथेच आमच्या कृतघ्नपणाच्या आरोपाचे मूळ आहे. तमाशाचे फड उभे केले ते बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील स्त्रीपुरुषांनी. दिवसा ज्यांस पाटलाच्या वाड्याची पायरी चढण्याची मुभा नव्हती, ते रात्री त्याच पाटलासमोर सोंगाड्याच्या टोपीआडून राजाची, प्रधानाची, सावकाराची अब्रू काढीत. आणि पाटीलही हसत. मूर्खाचा वेष हे त्यांचे ढालतलवारीचे काम करी. २०२० व २०२१ ह्या दोन साली महामारीमुळे यात्रा बंद राहिल्या, फडांच्या राहुट्या उठल्या, आणि कित्येक कलावंतांवर उपासमारीची पाळी आली. त्यांच्या मदतीस धावलेल्यांत सुशिक्षित नगरकर किती होते, हा प्रश्न आम्ही स्वतःसही विचारतो व खाली मान घालतो. ज्यांना जन्मभर मूर्ख म्हणून वागविले गेले त्यांनी मूर्खाच्या सोंगातून एक कला उभी करावी, आणि ज्यांना कधी कोणी मूर्ख म्हटले नाही त्या आमच्या मुलांनी दोन तास, तेही कागदावर, मूर्ख होण्यास लाजावे, हा विरोध आम्हांस सहन होत नाही.

तेव्हा खेळणाऱ्या तरुणांस आमचे मागणे फार नाही. फाशाने सहाचा आकडा दिला तर तो एकदा तरी ठेवून पाहावा. दोष असा निवडावा की जो आपल्या स्वतःच्या अंगी थोडाबहुत आहे. दुसऱ्याचा दोष वठविताना टवाळी होते, आपला वठविताना हात आपोआप हलका पडतो. सोबत्यांनी अशा पात्रास हाकलून लावण्यापूर्वी त्याच्यामुळे आपली पात्रे किती उठून दिसली हे पाहावे. आणि चैत्रात जवळपासच्या गावी यात्रा भरली, फड आला, तर कोठेतरी मागे न बसता पुढे बसून सोंगाड्याचे काम नीट न्याहाळावे. ह्या खेळाचे जे नियम कोणत्याही ग्रंथात छापलेले नाहीत ते तेथे उघड्यावर शिकावयास मिळतात.

आमच्या पुतण्यास आम्ही हे सर्व सांगितले. 'काका, तो स्वतःच आता नको म्हणतो,' असे त्याने उत्तर दिले. आम्हांस सर्वांत वाईट वाटले ते ह्याचे. त्या मुलाचा शिपाई कोठेतरी एका वहीत घडी घालून ठेवलेला असेल. बुद्धी सहा, अंधाराचे भय, आणि पिछाडी सांभाळण्याची मोठी हौस. तो हा लेख वाचील की नाही कोण जाणे. वाचलाच, तर त्याने येत्या रविवारी ती वही घेऊन यावे. आमची पडवी त्याला मोकळी आहे, आणि हसावयास आम्ही स्वतः हजर राहू.